नेपोलियन: लढायांपलीकडचा हिशेब

नेपोलियनच्या चरित्रात २१ मार्च १८०४ या तारखेला दोन घटना घडल्या. त्या दिवशी पहाटे पॅरिसजवळच्या व्हँसेन किल्ल्याच्या खंदकात एकतीस वर्षांच्या एका तरुणाला गोळ्या घालण्यात आल्या. हा आंगियांचा ड्यूक, पदच्युत बूर्बाँ राजघराण्यातला. तो फ्रान्समध्ये नव्हताच. ऱ्हाइन नदीपलीकडे बाडेनच्या हद्दीत राहत होता. फ्रेंच घोडेस्वारांनी रात्री परक्या मुलखात शिरून त्याला उचलून आणले. नेपोलियनच्या खुनाच्या कटात त्याचा हात असावा असा संशय होता, पुरावा नव्हता. लष्करी न्यायालय रातोरात बसले, आरोपीला वकील मिळाला नाही, आणि निकाल लागायच्या आधीच त्याच्यासाठी खड्डा खणून तयार होता.

आणि त्याच दिवशी फ्रान्सची नागरी संहिता जाहीर झाली. एकूण २२८१ कलमे. कायदा सर्वांना सारखा, जन्मावरून कोणाला सवलत नाही, कायदा मागे जाऊन लागू होणार नाही, आणि कायद्यात तरतूद नाही या सबबीवर न्यायाधीशाला न्याय नाकारता येणार नाही. युरोपातल्या सामान्य माणसाच्या हाती इतक्या सोप्या भाषेत इतका मोठा हक्क त्याआधी क्वचितच आला असेल.

नेपोलियनवर लिहिणारे बहुतेक जण यातली एक घटना उचलतात आणि दुसरी तळटीपेत टाकतात. कुणाला तो क्रांतीचा वारसदार वाटतो, कुणाला क्रांतीचा खुनी. मला वाटते, या दोन घटनांमागे दोन नेपोलियन नाहीत. समाजाला शिस्त लावणारा कायदा त्याला मनापासून हवा होता, आणि त्या कायद्याला स्वतः बांधले जाणे त्याला कधीच मान्य नव्हते. त्याचे यश, त्याचे गुन्हे आणि त्याचा शेवट, तिन्हींचे मूळ इथेच सापडते.

त्याचा जन्म १५ ऑगस्ट १७६९ रोजी कोर्सिका बेटावर, अजाक्सिओ गावी झाला. वर्षभरापूर्वीच जेनोआने हे बेट फ्रान्सच्या हवाली केले होते, आणि तो जन्मण्याच्या तीनच महिने आधी पाओलीच्या नेतृत्वाखालचा कोर्सिकन स्वातंत्र्यलढा फ्रेंच फौजांनी चिरडला होता. वडील कार्लो बुओनापार्ते वकील. आधी पाओलीच्या बाजूचे, मग नव्या राज्यकर्त्यांशी जुळवून घेतलेले. त्या जुळवून घेण्यामुळेच मुलाला राजाच्या खर्चाने ब्रिएनच्या लष्करी शाळेत प्रवेश मिळाला. नऊ वर्षांचा हा मुलगा इटालियन वळणाची फ्रेंच बोलायचा, आणि सरदारांची मुले त्याला चिडवायची. त्याला गणित आवडायचे. त्या काळी घोडदळ श्रीमंत उमरावांचे असे. गणित येणाऱ्या, पण घराण्याचे वजन नसलेल्या मुलांसाठी तोफखाना होता. सोळाव्या वर्षी तो तोफखान्यात सेकंड लेफ्टनंट झाला. क्रांती झाली नसती तर तो तिथेच कुठेतरी कॅप्टन म्हणून निवृत्त झाला असता.

१७८९ नंतर उमराव अधिकारी मोठ्या संख्येने देश सोडून पळाले आणि वरच्या जागा रिकाम्या झाल्या. १७९३ मध्ये तूलाँ बंदर इंग्रजांच्या ताब्यात गेले, तेव्हा कोणत्या टेकडीवर तोफा चढवल्या म्हणजे इंग्रजी आरमाराला बंदर सोडावेच लागेल हे त्याने नकाशावर दाखवले आणि करूनही दाखवले. चोविसाव्या वर्षी तो ब्रिगेडियर जनरल झाला. १७९६-९७ च्या इटलीच्या मोहिमेत लोदी, आर्कोले, रिव्होली ही नावे युरोपभर पोचली. तो बुटका होता ही समजूत मात्र इंग्रज व्यंगचित्रकारांनी पसरवली. त्याची उंची सुमारे १६८ ते १७० सेंटिमीटर, म्हणजे त्या काळच्या फ्रेंच माणसाइतकी होती.

त्याच्या युद्धपद्धतीबद्दल थोडे सांगायला हवे, कारण पुढे सगळ्या युरोपने ती उचलली. त्याने सैन्याचे वीस-तीस हजारांचे स्वतंत्र भाग पाडले. प्रत्येक भागात पायदळ, घोडदळ, तोफखाना सगळे असे, त्यामुळे एखाद्या भागाची शत्रूशी एकट्याने गाठ पडली तरी तो दिवसभर टिकून राही. हे भाग वेगवेगळ्या रस्त्यांनी चालत आणि लढाईच्या जागी एकत्र येत. सगळे एकाच रस्त्याने निघाले तर त्या रस्त्यावरची गावे त्यांना पोसू शकत नाहीत. विखुरले तर वाटेतल्या मुलखातून धान्य-चारा ओरबाडत पुढे जाता येते. म्हणून त्याचे सैन्य इतरांपेक्षा भरभर हलायचे. १८०५ च्या शरद ऋतूत इंग्लिश खाडीपासून डॅन्यूबपर्यंत ते इतक्या वेगाने पोचले की उल्म इथे ऑस्ट्रियाचे सैन्य वेढले गेले आणि मोठी लढाई न होताच शरण आले. पण या वेगाची किंमत वाटेतले शेतकरी भरत होते. जिथे शेते समृद्ध होती तिथे ही पद्धत चालली. स्पेनचे माळ आणि रशियाची मैदाने येईपर्यंत तिच्यातली खोट कोणाच्या ध्यानात आली नाही.

१७९८ मध्ये तो इजिप्तला गेला. इंग्रजांचा हिंदुस्थानकडचा रस्ता तोडणे हा एक हेतू होता. सैन्याबरोबर त्याने दीडशेहून अधिक शास्त्रज्ञ, अभियंते, चित्रकार नेले. रोझेटाचा शिलालेख याच मोहिमेत सापडला आणि त्याच्या आधारे शांपोलियोंने १८२२ मध्ये प्राचीन इजिप्तची लिपी उलगडली. याच मोहिमेत याफा शहरात शरण आलेले दोन हजारांहून अधिक कैदी त्याच्या हुकमाने मारले गेले. नेल्सनने फ्रेंच आरमार आधीच बुडवले होते. ऑगस्ट १७९९ मध्ये आपले सैन्य तिथेच सोडून तो गुपचूप जहाजात बसला आणि फ्रान्सला परतला.

कैरोहून त्याने टिपू सुलतानला पत्र लिहिले होते. ते इंग्रजांच्या हाती पडले आणि ४ मे १७९९ ला श्रीरंगपट्टण पडले तेव्हा टिपूपर्यंत नेपोलियनची मदत पोचलेली नव्हती. नेपोलियन हिंदुस्थानात कधी आला नाही. त्याची भीती मात्र इथे राज्य करून गेली. फ्रेंच येतील या धाकाने इंग्रजांनी १७९९ मध्ये गोव्यात आपली फौज उतरवली आणि १८१३ पर्यंत ती तिथे राहिली. १८०२ च्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह केला, त्यात इंग्रजांशी युद्ध असलेल्या देशांच्या युरोपियनांना पेशव्यांनी नोकरीत ठेवू नये असे कलम होते. कारण शिंद्यांच्या कवायती पलटणी द ब्वान्य आणि पेराँ या दोन युरोपियन अधिकाऱ्यांच्या हाताखाली घडल्या होत्या. पुढच्याच वर्षी, २३ सप्टेंबर १८०३ ला, आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढून आर्थर वेलस्लीने विजय मिळवला. त्याची फार माणसे पडली. हाच वेलस्ली पुढे वेलिंग्टनचा ड्यूक झाला, आणि वॉटर्लू जिंकल्यावरही स्वतःची सर्वांत सरस लढाई म्हणून असईचेच नाव घेत असे.

९ नोव्हेंबर १७९९ ला नेपोलियनने पॅरिसमध्ये सत्ता बळकावली आणि तिसाव्या वर्षी तो पहिला कॉन्सल झाला. नव्या घटनेवर सार्वमत घेतले. आकडे जाहीर झाले ते असे: तीस लाखांहून अधिक हो, दीड हजारांच्या आसपास नाही. गृहखाते त्याचा भाऊ ल्युसियाँ याच्याकडे होते आणि त्याने होकारांचा आकडा भरमसाट फुगवला होता हे पुढे संशोधकांनी कागदपत्रांवरून दाखवले. जानेवारी १८०० मध्ये पॅरिसमधल्या ७३ राजकीय वृत्तपत्रांपैकी ६० बंद झाली.

आणि याच चार-पाच वर्षांत त्याने जे उभे केले ते आजही चालू आहे. १८०० मध्ये बँक ऑफ फ्रान्स निघाली. प्रत्येक जिल्ह्यावर पॅरिसहून नेमलेला प्रीफेक्ट आला. आपल्याकडचा जिल्हाधिकारी डोळ्यांसमोर आणला की त्याचे काम कळते. १८०१ मध्ये पोपशी करार झाला आणि दहा वर्षांचे धर्मयुद्ध शमले. १८०२ मध्ये सरकारी माध्यमिक शाळा, म्हणजे लिसे, सुरू झाल्या आणि लिजन ऑफ ऑनर हा सन्मान आला, जो शिपायालाही मिळू शकत असे आणि शास्त्रज्ञालाही. त्याची दृष्टी लष्करी होती: माणूस कोणाच्या पोटी आला यापेक्षा तो कामाचा आहे का, हे पाहायचे. त्याचे काही मार्शल पिंपे बनवणाऱ्याच्या आणि खानावळवाल्याच्या घरातून आले होते.

संहितेचे महत्त्व कळायला आधीची स्थिती ठाऊक हवी. क्रांतीपूर्वी उत्तर फ्रान्समध्ये शेकडो स्थानिक रूढी कायदा म्हणून चालत, दक्षिणेत रोमन कायदा, लग्नाच्या बाबतीत चर्चचा कायदा आणि या सगळ्यांवर राजाची फर्माने. लग्न झालेल्या बाईचा हुंडा, शेताची वाटणी, कर्जाची मुदत, सगळे गाव बदलले की बदले. क्रांतिकारकांनी सर्व देशाला एकच कायदा देण्याचे वचन दिले आणि मसुदे करून करून दमले. नेपोलियनने चार अनुभवी कायदेपंडितांवर काम सोपवले. त्यांतला पोर्तालिस जवळजवळ आंधळा झाला होता आणि मसुद्याची भूमिका मांडणारे त्याचे विवेचन आजही कायद्याचे विद्यार्थी वाचतात. राज्य परिषदेत मसुद्यावर शंभराहून अधिक बैठका झाल्या आणि निम्म्याहून जास्त बैठकांत नेपोलियन स्वतः अध्यक्षस्थानी होता. तो कायद्याचा अभ्यासक नव्हता, पण नेमके प्रश्न विचारायचा. हे कलम शेतकऱ्याला वाचून कळेल का, हा त्याचा आग्रह असे.

संहितेने सरंजामी हक्कांची कबर पक्की केली. जन्म, लग्न, मृत्यू यांची नोंद चर्चच्या हातून सरकारी दप्तरात गेली होती, ती तिथेच राहिली. वारसाहक्कात थोरल्या मुलाची मक्तेदारी गेली. मुलगा असो की मुलगी, सर्वांना समान वाटा. बापाला मृत्युपत्राने हवे ते करण्याची मोकळीकही मर्यादित झाली. एक मूल असेल तर निम्मी मालमत्ता, दोन असतील तर एक तृतीयांश, तीन किंवा अधिक असतील तर फक्त एक चतुर्थांश. एवढ्याचीच विल्हेवाट तो मर्जीप्रमाणे लावू शकत होता. बाकी मुलांचे.

पण हाच कायदा घराच्या उंबरठ्याआत शिरला की त्याची समता संपते. कलम २१३ प्रमाणे पत्नीने पतीची आज्ञा पाळायची. पतीच्या परवानगीशिवाय तिला दावा लावता येत नव्हता, मालमत्ता विकता येत नव्हती. पत्नीच्या व्यभिचारावरून पती घटस्फोट मागू शकत असे. पत्नीला मात्र तो हक्क पतीने रखेलीला राहत्या घरातच आणून ठेवली तरच. क्रांतीने बायकांना दिलेले बरेच काही इथे परत घेतले गेले, आणि हे अनवधानाने झाले नाही. कुटुंब म्हणजे छोटी पलटण आणि पती तिचा अधिकारी, ही नेपोलियनची ठाम धारणा होती. या कलमांचे ओझे किती काळ राहिले हे पाहा: फ्रान्समधल्या विवाहित बाईला पतीच्या संमतीवाचून नोकरी करण्याचा आणि स्वतःचे बँक खाते उघडण्याचा हक्क १९६५ च्या कायद्याने मिळाला.

फ्रेंच तोफांमागोमाग ही संहिता बेल्जियम, इटली, ऱ्हाइनकाठच्या जर्मन प्रदेशात गेली आणि तोफा माघारी गेल्यावरही पुष्कळ ठिकाणी टिकली. पुढे इटली, स्पेन, चिली अशा देशांनी आपापले कायदे करताना ती समोर ठेवली. पोर्तुगालने १८६७ मध्ये आपली नागरी संहिता केली. ती फ्रेंच संहितेची नक्कल नव्हती, पण तिच्यावर फ्रेंच संहितेची छाप होती. १८७० पासून ती गोव्यात लागू झाली आणि १९६१ च्या मुक्तीनंतरही राहिली. लग्नानंतर मालमत्ता नवराबायकोची सामाईक, मुलगा-मुलगी समान वारस, आणि निम्मी इस्टेट मुलांसाठी राखीव, हे गोव्यातल्या घराघराला ठाऊक असलेले नियम याच परंपरेतले. वारसाहक्काच्या भागासाठी अलीकडे गोव्याने स्वतंत्र कायदा केला, तरी मूळ सांगाडा तोच आहे. समान नागरी कायद्याची चर्चा निघाली की गोव्याचे उदाहरण हमखास येते. पण तिथेही १८८० च्या एका हुकुमाने हिंदू रूढींना काही अपवाद दिले होते हे त्या चर्चेत बहुधा राहून जाते.

आता सां-दोमिंग. आजचे हैती. माझ्या मते नेपोलियनच्या आयुष्यातले सर्वांत काळे पान रशियातले नाही, या बेटावरचे आहे. सुमारे पाच लाख गुलामांच्या कष्टांवर ही वसाहत जगाला साखर आणि कॉफी पुरवत होती. १७९१ मध्ये गुलामांनी बंड केले. १७९४ मध्ये पॅरिसच्या क्रांतिकारी संसदेने सर्व फ्रेंच वसाहतींतली गुलामगिरी रद्द केली. पूर्वी गुलाम असलेला तूसाँ लूव्हेर्तूर सां-दोमिंगचा राज्यपाल झाला. तो फ्रान्सशी एकनिष्ठ होता, त्याने स्पॅनिश आणि इंग्रज फौजा हाकलल्या होत्या, आणि ज्या गुणांसाठी नेपोलियन आपल्या मार्शलांना बढती देत असे ते सगळे त्याच्यात होते. नेपोलियनने त्याच्यावर आपला मेहुणा लक्लेर याच्या हाताखाली मोठे सैन्य पाठवले. तूसाँला बोलणीच्या निमित्ताने बोलावून कैद केले आणि फ्रान्सच्या पूर्व सीमेवर जुरा डोंगरातल्या झू किल्ल्यात ठेवले. तिथल्या थंडीत ७ एप्रिल १८०३ ला तो मेला. दरम्यान २० मे १८०२ च्या कायद्याने नेपोलियनने १७९४ चा निर्णय फिरवून गुलामगिरी पुन्हा आणली. ग्वादलूप बेटावर देलग्रेस आणि त्याच्या साथीदारांनी पुन्हा गुलाम होण्यापेक्षा दारूगोळा पेटवून देऊन स्वतःला उडवून घेतले.

सां-दोमिंगमध्ये पीतज्वराने आणि बंडखोरांनी फ्रेंच सैन्य संपवले. लक्लेरही तापाने गेला. १ जानेवारी १८०४ ला हैती स्वतंत्र झाले. अमेरिका खंडातले साम्राज्य आता सांभाळता येणार नाही हे ओळखून नेपोलियनने १८०३ मध्ये लुइझियानाचा प्रचंड प्रदेश दीड कोटी डॉलरला अमेरिकेला विकून टाकला होता. अमेरिकेचा आकार त्या एका व्यवहाराने जवळजवळ दुप्पट झाला, आणि त्यामागे हैतीच्या गुलामांनी जिंकलेली लढाई होती.

२ डिसेंबर १८०४ ला नोत्र दामच्या चर्चमध्ये पोपच्या समोर त्याने स्वतःच्या हाताने स्वतःला मुकुट घातला. दावीदच्या प्रसिद्ध चित्रात त्याची आई समारंभाला बसलेली दिसते. प्रत्यक्षात ती आली नव्हती. बरोबर वर्षाने ऑस्टर्लिट्झला त्याने ऑस्ट्रिया आणि रशिया यांचा एकत्र पराभव केला, पुढच्या वर्षी येनाला प्रशियाचा. पण समुद्र ट्रफाल्गरच्या लढाईनंतर कायमचा इंग्रजांचा झाला होता. म्हणून १८०६ मध्ये त्याने युरोपची सगळी बंदरे इंग्रजी मालाला बंद केली. उसाची साखर मिळेना, तेव्हा फ्रान्समध्ये बीटापासून साखर काढण्याला सरकारी पाठबळ मिळाले, आणि आज युरोपच्या साखरेचा मोठा हिस्सा बीटाचाच असतो. ही नाकेबंदी टिकवायची तर प्रत्येक किनारा ताब्यात हवा. त्यापायी १८०८ मध्ये स्पेनमध्ये त्याने आपल्या दुसऱ्या एका भावाला गादीवर बसवले आणि तिथल्या खेडुतांच्या गनिमी लढाईत पाच-सहा वर्षे त्याचे सैन्य सडत राहिले. त्यापायीच २४ जून १८१२ ला तो नीमेन नदी ओलांडून रशियात शिरला.

रशियाच्या मोहिमेचे वर्णन अनेकांनी केले आहे, पण शार्ल मिनार या फ्रेंच अभियंत्याने १८६९ मध्ये काढलेल्या एका आलेखासारखे परिणामकारक कोणतेच नाही. नदीपाशी ४,२२,००० सैनिकांचा जाड पट्टा, मॉस्कोकडे जाताना तो बारीक होत जातो, परततानाची काळी रेघ त्याहून बारीक, खाली उतरत जाणारे तापमान आणि शेवटी पुन्हा नीमेनवर दहा हजार. नीट पाहिले तर जाणारा पट्टाही बर्फ पडायच्या पुष्कळ आधी अर्ध्याहून जास्त झिजलेला आहे. उन्हाळ्यातच भूक, आमांश आणि टायफसने माणसे आणि घोडे मरू लागले होते. मुलुख ओरबाडून चालणाऱ्या सैन्याला ओरबाडायला काही उरले नव्हते. यात रशियन थंडीला सगळा दोष देणे त्याला सोयीचे होते, म्हणून त्याने तो दिला.

पुढचे सगळ्यांना माहीत आहे. १८१३ मध्ये लाइपझिग, १८१४ मध्ये राज्यत्याग आणि एल्बा बेट, १ मार्च १८१५ ला पुन्हा फ्रान्सच्या किनाऱ्यावर पाऊल, १८ जूनला वॉटर्लू.

इंग्रजांनी त्याला दक्षिण अटलांटिकमधल्या सेंट हेलेना बेटावर नेऊन ठेवले. ५ मे १८२१ ला एक्कावन्नाव्या वर्षी तो तिथे मरण पावला. शवविच्छेदनात जठराचा विकार दिसला. विषप्रयोगाच्या कथा नंतर रंगल्या. त्या साडेपाच वर्षांत त्याने आपली प्रतिमा घडवली. सोबत गेलेल्या लास काझला तो तासन्‌तास सांगत बसे: आपण राष्ट्रांच्या स्वातंत्र्यासाठी लढलो, युद्धे आपल्यावर लादली गेली. १८२३ मध्ये त्या संभाषणांचे पुस्तक निघाले आणि फ्रान्सची एक अख्खी पिढी ते वाचून वाढली. माँतोलाँ या दुसऱ्या सोबत्याच्या आठवणींनुसार, जिंकलेल्या लढायांचे वैभव वॉटर्लू पुसून टाकील, पण संहिता टिकेल असे तो म्हणाला होता. या एका बाबतीत त्याने स्वतःला बरोबर ओळखले होते. बाकी आत्मसमर्थनात हैतीच्या माणसांना फारशी जागा मिळाली नाही.

१८४० मध्ये त्याची शवपेटी पॅरिसला आणली गेली आणि पुढे अँव्हालीदच्या घुमटाखाली ठेवली गेली. तिच्याभोवती जमिनीवर रिव्होलीपासून मॉस्कोजवळच्या लढाईपर्यंत आठ विजयांची नावे आहेत. भोवतालच्या भिंतीवर संगमरवरात दहा शिल्पे, त्यांत नागरी संहिता, राज्य परिषद, पोपशी करार, लिजन ऑफ ऑनर, शिक्षणव्यवस्था. सां-दोमिंगचा उल्लेख तिथे कुठे नाही. तूसाँ लूव्हेर्तूरच्या नावाचा शिलालेख १९९८ मध्ये त्याच शहरातल्या पाँतेओंमध्ये, फ्रान्सच्या थोर पुरुषांच्या स्मारकात बसवण्यात आला. ५ मे २०२१ ला, मृत्यूला दोनशे वर्षे झाली तेव्हा, राष्ट्राध्यक्ष माक्राँ यांनी नेपोलियनच्या समाधीवर पुष्पचक्र वाहिले. त्याच दिवशी केलेल्या भाषणात त्यांनी गुलामगिरी परत आणणे हा प्रबोधनयुगाच्या विचारांशी केलेला द्रोह होता, असे स्पष्ट सांगितले.